सोमवारचं मौन

भिंतीवर आपलं नाव लिहिलं जातंय अशी शंका सुंदराला आली, तेव्हा रंगाऱ्याची दोनच अक्षरं लिहून झाली होती. ती बाजारातून भाजीची पिशवी घेऊन परत येत होती. जेठाचं ऊन टाळूवर चढलेलं, आणि पिठाच्या गिरणीच्या लांबलचक भिंतीला हातभर सावली होती म्हणून ती थांबली, एवढंच. गुजराती अक्षरं तिला येत, पण मराठीसारखी एका नजरेत नाही. तांदळातले खडे निवडावेत तशी एकेक उचलून जुळवावी लागत. सुं. द. रा. मग बेन. सुरतच्या या पांडेसऱ्यात सुंदरा नावाच्या बायका काय थोड्या असतील, असं ती मनाशी म्हणते आहे तोवर रंगाऱ्यानं स्टूल सरकवलं आणि पुढे हिलालभाई लिहायला घेतलं. नवऱ्याचं नाव तिनं लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कधी उच्चारलं नव्हतं. ते आता निळ्या रंगात, तिच्या नावाला लागून, वीतभर उंचीनं उमटत होतं आणि रंगाचे ओघळ मानेवरच्या घामासारखे खाली उतरत होते. रंगारी वळला. तिच्याकडे बघून वैतागानं म्हणाला, "बेन, जरा बाजुमां खसो ने. रंग पडशे."

ती बाजूला झाली. आपण जिचं नाव लिहितो आहोत तिलाच आपण हटवलं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि तिला ते सांगता येत नव्हतं. सोमवार होता. सोमवारी सूर्य उगवल्यापासून दिवा लागेपर्यंत सुंदरा बोलत नसे. सगळ्या गल्लीला याची सवय होऊन गेली होती. भाजीवाली त्या दिवशी तिच्याशी घासाघीस करायची नाही, स्वतःच चांगली वांगी निवडून द्यायची आणि वर दोन मिरच्या टाकायची. शेजारणी नेमक्या सोमवारी तिच्याकडे येऊन सासवांची गाऱ्हाणी सांगत. उषाबाई म्हणायची, सुंदरा म्हणजे सोमवारची विहीर, टाकलं ते वर यायचं नाही. तिला स्वतःला या दिवसाचा एक विसावाही होता. पण आज ती भिंतीपासून निघाली, आणि तो विसावा काही बरोबर आला नाही. उमेदवार, असा शब्द नावाखाली लिहायला त्यानं जागा सोडली होती. तो शब्द तिनं वाचला नव्हता, पण ती जागा पाहिली होती. यंदा महापालिकेत बायकांच्या राखीव जागा निघाल्या होत्या आणि त्यात आपला वॉर्ड आला होता, हे तिला माहीत होतं. पुरुषांनी ती बातमी, उद्या नळाला पाणी येणार नाही, अशा थाटात ऐकली होती: गैरसोय आहे खरी, पण काहीतरी सोय करू. ती सोय आपण असू, असं मात्र तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

घरी जायची सरळ वाट सोडून पाय तिला ओट्याकडून घेऊन गेले. गल्लीच्या तोंडाशी, नाल्याच्या काठाला तो ओटा. प्लेगच्या साली, म्हणजे गेल्याच वर्षी, अर्धं सुरत रेल्वेत चढून गेलं आणि परत आलं, तेव्हा महापालिकेनं तिथला वर्षानुवर्षांचा उकिरडा उपसला. जागा रिकामी झाली तशी बायकांनी तिथे भराव घातला, शेणामातीनं सारवून ओटा केला, वर जुने पत्रे टाकले. तिथे बसून त्या साड्यांचे धागे कापत. छापून, रंगवून आलेल्या साडीच्या मागच्या बाजूला भरतकामाचे सुटे धागे लोंबत असतात. ते छोट्या कातरीनं एकेक उडवायचे, घडी घालायची, पोटलं बांधून परत द्यायचं. घरात बसून हे काम होत नाही, कारण घरं आठ बाय दहाची आणि दिवसाही अंधारी. आज ओट्यावर बायका नव्हत्या. मांडववाले बांबूला पिवळा-तांबडा कपडा गुंडाळत होते, आणि साड्यांची पोटली एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली ढकललेली होती, वऱ्हाडातल्या नको असलेल्या पाहुण्यांसारखी. संध्याकाळी पाचला गल्लीच्या मंडळाची सभा होती हे तिला ठाऊक होतं. ओट्याच्या जागी गावाकडच्या कानबाईचं देऊळ बांधायचं, कंपनीवाल्यांनी वर्गणी द्यायची, श्रावणात पाया भरायचा, असं गेले पंधरवडाभर चाललं होतं. देवळाचं ऐकून तिला आनंद झाला होता. झाला होता ना? त्या कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे बघताना तिला ते नीट आठवेना.

कंपनी म्हणजे हजिऱ्याची. तापी जिथे समुद्राला मिळते तिथे समुद्राखालचा गॅस नळानं जमिनीवर येऊ लागला, कारखाने उभे राहिले, आणि हेमराजभाऊंनी गल्लीतले धडधाकट लोक उचलून तिथे लावले. हेमराजभाऊ मंडळाचे अध्यक्ष, कंपनीला माणसं पुरवण्याचा ठेका त्यांचा. हिलाल तोवर बारा-बारा तास कापडाचा लूम चालवायचा, कानात सदा खडखड घेऊन घरी यायचा, जेवताना ओरडून बोलायचा. तो आधी ठेक्यावर गेला, मग कायम झाला. लूमवर वर्षभरात मिळे तेवढं तो आता चार महिन्यांत आणू लागला. त्या पगारानं आधी घरातला स्टो गेला, मग चाळीतलं भाड्याचं घर गेलं, मग सुंदराचं पोटलं गेलं. तोवर मार्केटमधून साड्या आणून बायकांना वाटण्याचं काम तीच करत असे. डोक्यावर पोटलं घेऊन रिंगरोडपर्यंत जायची, मारवाडी शेठशी हुज्जत घालायची, खराब माल तोंडावर फेकायची. साड्या न्यायला येणाऱ्या सगळ्या बायकांना ओळखायची. पालिकेच्या कचेरीत पाण्यासाठी ओरडायला जायचं तर याच बायका बरोबर असायच्या, कारण त्या सगळ्या तशाही घराबाहेर पडलेल्याच असायच्या. मोर्चाला जायला आधी पायात चप्पल असावी लागते, असं तिला कधीमधी वाटायचं. हिलालनं मारलं नाही, ओरडला नाही. फक्त एका रविवारी जेवताना म्हणाला, "कंपनीवाल्याच्या बायकोनं डोक्यावर पोटलं घेऊन फिरायचं, बरं दिसत नाही. हेमराजभाऊही म्हणत होते." कंपनीत गेल्यापासून तो घरातही अहिराणी सोडून पुस्तकातल्यासारखं बोलू लागला होता. त्याच्या तोंडचं ते 'बरं दिसत नाही' तिला दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, आणि दुसऱ्या दिवशीही ती काही बोलली नाही.

मौन असं सुरू झालं. आजवर तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. देवाला सांगायची गरज नव्हती. आई श्रावणातले सोमवार मौनानं करायची, त्यामुळे घरात कुणी विचारलं तर दाखवायला नाव होतं. संध्याकाळी शेजारीण म्हणाली, व्रत धरलं का गं, आणि सुंदरानं मान हलवली. रुसव्याला असं सोवळं नेसवलं की कुणी त्याला हात लावत नाही. पुढच्या सोमवारी खरंच पिंडीवर बेल वाहिला. मग हळूहळू, दही लागावं तसं, कुठल्या क्षणी ते कळलं नाही, त्या रागाची भक्ती झाली. आता ती खरी होती. सोमवारी दुपारी देवाजवळ बसलं की तिच्या आत एक जागा स्वच्छ सारवलेली असायची, आणि तिथे कुणी येऊन बसलं आहे असं तिला कितीदा वाटलं होतं. देवावर तिचा राग नव्हताच कधी. देव बिचारा मधे सापडला होता. वरच्या ओळीतल्या, म्हणजे कंपनीवाल्यांच्या, सगळ्याच बायकांनी एकेक करून कातर खाली ठेवली आणि एकेक व्रत उचललं. कुणाची वैभवलक्ष्मी, कुणाचे सोळा सोमवार, कुणाचा गुरुवारचा सत्संग. पुरुष कौतुकानं सांगत, आमच्या बायका देवाधर्माला लागल्या. जणू धागे कापणाऱ्या बायका तोवर देवाच्या नसून सैतानाच्या होत्या. खालच्या ओळीत, लूमवाल्यांच्या घरात, बायका अजून काम करत आणि उपासही करत. पण त्यांचे उपास कुणी मोजत नसे.

हिलालनं आज रजा घेतली होती. ती आत आली तेव्हा तो आरशासमोर कागद धरून पुटपुटत होता. तिला पाहून त्यानं कागद खिशात घातला, तिच्या हातातून पिशवी घेतली, उपासासाठी आणलेली केळी तिच्यासमोर ठेवली. त्याच्या या जपण्यात खोटं काही नव्हतं, त्यामुळेच ते जास्त जड जायचं. म्हणाला, भिंत पाहिलीस का. तिनं मान हलवली. म्हणाला, पक्षाचं तिकीट हेमराजभाऊंनी आणलंय, काल रात्रीच नक्की झालं, सगळे म्हणाले की वहिनींसारखी सोज्वळ बाई दुसरी नाही. "तुला विचारणारच होतो," तो म्हणाला, "पण म्हटलं सकाळी सोमवार. तू काही बोलणार नाहीस." मग, तिच्या तोंडाकडे न बघता, "तुला चालेल ना?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिचं न बोलणं त्यानं उचलून घेतलं, केळ्याच्या सालीसारखं, सहज. फक्त सही करायची, बाकी सगळं मी बघतो, असं सांगून तो पुन्हा आरशाकडे वळला. त्यांची मुलगी हर्षदा कोपऱ्यात गृहपाठ करत होती. तिच्या शाळेत सगळं गुजराती, आईशी मराठी बोलताना मधेच तिचे रूळ बदलायचे. तिनं विचारलं, मग सभेत भाषण कोण करणार. हिलाल म्हणाला, मीच, तिच्या वतीनं. हर्षदा वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "तो पप्पा, साडी पण तमे ज पेरो ने." साडी नेसलेला हिलाल डोळ्यांपुढे येऊन सुंदराला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला. मौनात हसलेलं चालतं की नाही हे आईनं कधी सांगितलं नव्हतं. हिलाल मात्र हसला नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. या माणसाला मी चौदा वर्षांची असल्यापासून ओळखते, तिला वाटलं, आणि त्याला भीती वाटते आहे. कशाची? सभेची, हेमराजभाऊंची, की इतक्या वर्षांत आपल्याला जे जमलं नाही ते ही बाई करेल याची?

दुपारी उषाबाई आली. खालच्या ओळीतली, अमळनेरकडची, सुंदरानं काम सोडलं तेव्हा पोटल्यांचा सगळा व्याप तिनंच उचलला होता. नेहमीसारखी दारात चप्पल काढून आत आली नाही, उंबऱ्यावरच बसली, कमरेची कातर हातात घेऊन उघड-मीट करत. "तू बोलू नको, तुन्हा सोमवार शे," ती म्हणाली. "मी बोलस, तू आयक." मग ती बोलत राहिली. घरात दिवा लावला तर बिल येतं, न लावला तर धागा दिसत नाही. ओटा गेला तर आम्ही कुठे बसायचं? हेमराजभाऊंना विचारलं तर म्हणाले, देवळात सेवा करा, हार ओवा, प्रसाद रांधा, पुण्य लागेल. "पुन्य लागी, पन चूल कशी पेटी? आन मी कातर धरस ते काय पाप करस का?" सुंदराकडे तिनं प्रथमच नीट पाहिलं. नंतर आवाज खाली आला, नाल्याच्या पाण्यासारखा. "तू उभी ऱ्हाय, नहीतर नको ऱ्हाऊ. तुन्ही मर्जी. पन तुन्हा नाववर आमले उठाडू नको, माय."

ती गेली तरी उंबऱ्यावर तिच्या बसण्याचा आकार राहिला. सुंदरा देवापुढे जाऊन बसली, पण आतली ती जागा आज सारवलेली नव्हती; तिथे साड्या पसरल्या होत्या आणि सगळ्यांचे धागे लोंबत होते. कानबाई तिला लहानपणापासून ठाऊक होती. आईच्या घरी श्रावणात ती येई. नारळच तो, पण त्याला डोळे लावले, नथ घातली, पिवळा खण नेसवला की चौरंगावर एक बाई बसलेली असे, आणि रात्रभर तिच्यापुढे गाणी म्हणत बायका झिम्मा खेळत. सकाळी तिला डोक्यावर घेऊन नदीवर नेत. जाताना आई हटकून रडायची, लेक सासरी निघाल्यासारखी. तापी तिथली तीच इथे येते. सुरतेतही गल्लीतले लोक दरवर्षी कानबाईला तापीतच बोळवत. आणि आता तिला चार भिंतींत घालून वर कुलूप लावणार, पुजारी ठेवणार, तिच्या जागेवर कंपनीच्या पैशाची फरशी बसवणार. एवढ्या सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि कुणालाच कसं आठवलं नाही? तिलाही पंधरा दिवस आठवलं नव्हतं. वरच्या ओळीत राहायला आल्यापासून ती एवढं मात्र विसरली होती, की ती देवी पाहुणी आहे.

सभा पाचलाच ठेवली होती, उजेडी. का, ते तिला मांडवात शिरताना कळलं: तिचं मौन सुटायच्या आत. हेमराजभाऊंनी पुढे येऊन तिला वाकून नमस्कार केला, सोमवारी ते नेहमी करत, आणि खुर्चीवर बसवलं. शेजारी हिलाल, खिशावर हात ठेवून. समोर वरच्या ओळीतल्या बायका सारख्या रंगाच्या साड्यांत, मागे पुरुष, आणि अगदी कडेला, मांडवाच्या बाहेर, उन्हात खालच्या ओळीतल्या बायका उभ्या. व्यासपीठाच्या मधोमध कानबाईचं चित्र होतं. कुणा पेंटरकडून काढून घेतलेलं, हातात त्रिशूळ, पायाशी वाघ. ही कानबाई नव्हतीच. कुणी दुसरीच होती, आणि तिलाही न विचारता तिचं नाव त्या चित्राखाली घातलं होतं. हेमराजभाऊ माइकवर बोलू लागले. त्यांना बोलता येई. माणसांना हसवता येई. म्हणाले, इतर पक्षांचे उमेदवार बोलून बोलून डोकं खातात. "आपला उमेदवार तोंडच उघडत नाही. असा उमेदवार मिळायला नशीब लागतं." मांडव हसला. ते पुढे म्हणाले, आज वहिनींचं मौन आहे, त्यांच्या वतीनं हिलालभाऊ बोलतील. पण आधी आपल्या या देवीस्वरूप उमेदवाराच्या हस्ते दीपप्रज्वलन. असं म्हणून त्यांनी पेटवलेली मेणबत्ती तिच्या हातात दिली.

पितळी समई नवी होती, पाच वाती, तेल काठोकाठ. गिरणीच्या पत्र्यामागे सूर्य अजून हातभर वर होता. मेणबत्तीचं मेण तिच्या बोटावर उतरलं, आणि आई आठवली. ढगाळ श्रावणातला एक सोमवार, दिवसाच अंधारून आलेलं, आई चारच्या सुमाराला देवाजवळ गेली, दिवा लावला आणि उठून लगेच तिला हाक मारली, पोळ्या लाटायला ये म्हणून. सुंदरा तेव्हा लहान, म्हणाली, आजून सूर्य शे, तू बोलनी. आईनं कणकेचा हात कपाळाला लावला आणि म्हणाली, सूर्य काय आपला हातमा शे का, पोरी? दिवा शे. मेण जळत होतं. सुंदराला वाटलं, पळवाट तर काढत नाही ना मी? हा दिवा त्यांचा, तेल त्यांचं, समई कंपनीच्या वर्गणीतली, समोर बसलेली देवीही परकी. अशा दिव्यानं सुटतं का मौन? रागानं धरलेलं रागानंच सोडलं, तर मधल्या वर्षांतल्या त्या स्वच्छ सोमवारांचं काय होईल? हेमराजभाऊ हळूच म्हणाले, वहिनी, लावा. कडेला उन्हात उषाबाई उभी होती, पदरानं घाम पुसत, दुसरीकडे बघत. दिवा तर दिवा, सुंदराला वाटलं. त्याला कुठे ठाऊक असतं, तो कुणाच्या तेलावर जळतो ते. तिनं पहिली वात लावली, मग बाकीच्या, आणि हात जोडले. आणि मग, दर सोमवारी दिवा लावल्यावर जे तिच्या तोंडून निघे तेच निघालं, शुभंकरोती, हळू, सवयीनं. माइक दोन हातांवर होता. तिचा आवाज पत्र्यावर आदळून सगळ्या गल्लीत गेला.

कार्यक्रमातलंच आहे असं समजून पुरुषांनी हात जोडले. हेमराजभाऊंनीही जोडले. तिचं म्हणून संपलं आणि ती माइकपासून हलली नाही, तेव्हा ते गोंधळले. "वहिनी, तुमचं मौन..."

"दिवा लागना, भाऊ," ती म्हणाली.

पुढचं बोलताना ती शुद्ध बोलायला गेली नाही, जमलंही नसतं. जे आईकडे बोलत होती तेच आलं. "कानबाईले देऊळ नही ऱ्हास. ती येस, एक रात ऱ्हास, आन जास. तिले कोंडानं नही. आपली माय असं शिकाडी गयी शे." मागे कुणीतरी म्हातारा, हा, बराबर, असं पुटपुटला. "हाऊ वट्टा बायास्ना शे. आठे त्या काम करतस. देवी जवय येयी तवय आठेच बसाडूत, बायासमा. वरथून फरशी नको." तिला धाप लागली. इतक्या वर्षांनी इतकं मोठ्यानं बोलल्यामुळे कान बधिर झाले होते, लूमवरून आल्यावर हिलालचे व्हायचे तसे. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो भाषणाचा कागद हातात घेऊन उभा होता आणि त्याचं तोंड किंचित उघडं होतं. त्याच्यावर दया आली, पण ती थांबली नाही. "मी उभी ऱ्हासू. पन मन्हा तोंडथून मीच बोलसू."

हेमराजभाऊ अजून हसतच होते. पण हसू ओठांवर वाळलेलं. त्यांनी माइकवर हात ठेवून, फक्त तिला ऐकू जाईल असं, अगदी शांतपणे सांगितलं की असं असेल तर तिकिटाचा पुन्हा विचार करावा लागेल, आणि हिलालभाऊंना कंपनीत बरीच वर्षं काढायची आहेत. ही धमकी होती हे तिला समजलं, आणि ती खोटी नाही हेही. तरी ती म्हणाली, "तिकीट तुमनं शे, ठेवा. नाव मन्हं शे." हे मात्र माइकनं ऐकलं, कारण त्यांचा हात तोवर निसटला होता. मांडवाबाहेर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उषाबाई नुसती आत आली, ताडपत्री ओढली, आणि एक पोटलं उचलून भरल्या सभेत ओट्याच्या मध्ये आणून ठेवलं. मग दुसरी आली, मग तिसरी. वरच्या ओळीतल्या बायकांत चुळबुळ झाली. दोघीतिघींनी पाय जवळ घेऊन जागा करून दिली, बाकीच्या नवऱ्यांकडे बघत राहिल्या.

त्या संध्याकाळपासून घरात हिलालचं मौन सुरू झालं. तो जेवला, ताट उचलून ठेवलं, हर्षदाला गणित समजावलं, सुंदराशी मात्र एक शब्द नाही. तिला हसू आलं आणि रडूही आलं. तुमचं व्रत कोणत्या देवाचं, असं विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. त्याच्या पाठीवरचा वेल्डिंगच्या ठिणगीनं भाजल्याचा जुना डाग तिला दिसत होता. त्या पाठीनं हे घर उभं केलं होतं हे ती नाकारत नव्हती. उद्या खरंच त्याला काढलं तर? अर्ज भरायला पक्ष नाही, अपक्ष म्हणून उभं राहायचं तर सूचक लागतात, अनामत लागते, आणि बायका मतं देतील की नवऱ्यांना विचारतील हेही कुणाला ठाऊक. पहाटे तिनं नेहमीसारखी पूजा केली, पिंडीवर पाणी घातलं, काल मी चुकले का, असं विचारलं. देवही तसा कमीच बोलतो. फूल जागचं हललं नाही, ज्योत हलली ती पंख्यानं. तरी आतली जागा तिनं चाचपून पाहिली, आणि ती होती. साड्या तशाच पसरलेल्या, कुणी आवरल्या नव्हत्या. पण त्यांतच एका कडेला, पाय दुमडून, कुणीतरी बसलेलं होतं.

हिलाल डबा घेऊन निघून गेला. ती हर्षदाला वेणी घालून देऊन ओट्यावर गेली. मांडव निम्मा उतरला होता, बांबू आडवे पडले होते, त्यांतच बायका बसल्या होत्या. उषाबाईनं सरकून जागा केली आणि जास्तीची कातर पुढे केली. इतक्या वर्षांत बोटं जाड झाली होती. पहिल्या साडीला तिनं नको तो धागा कापला आणि शिवी खाल्ली. दुपारी अर्ज आणायला जायचं ठरत होतं. कोण कोण येणार, कोण घरी सांगून येणार, कोण न सांगता. तेवढ्यात हजिऱ्याला जाणारी कंपनीची बस गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली, रोजच्यासारखी. माणसं चढली. खिडक्यांतून सगळ्या नजरा ओट्यावर. हिलाल मधल्या खिडकीत होता, समोर बघत. सुंदरानं पदर पुढे ओढला नाही. मागच्या सीटवरून धुडकूआप्पा, गल्लीतला सगळ्यात जुना फिटर आणि सगळ्यात मोठा टवाळ, खिडकीत कोपर टेकून ओरडला, "काय व सुंदरा, आते काय? विलेक्शन का धागा?"

बस हसायच्या तयारीत थांबली होती.

"दोन्ही," सुंदरा म्हणाली, मागच्या सीटपर्यंत जाईल अशी, आणि पुढच्या साडीचं टोक ओढून मांडीवर घेतलं.